पाचोळ्याचं पांघरूण

"अक्रोडाची नकोत म्हटलं ना, ताई! तो ढीग तिकडेच राहू दे."

"फुकटचं न्यायचं, वर नखरे!" झाडूवालीनं खराटा कुंपणाला टेकवला आणि कमरेवर हात ठेवले. "सोनाराच्या दुकानात शिरल्यासारखी पानं निवडतोस तू, दादा. अरे, पाचोळा तो पाचोळा."

"असं कसं? अक्रोडाच्या पानात विष असतं. वाफ्यात घातलं की निम्मी झाडं बसली. मला हे मेपलचं भर. आणि मोठ्या गेटापाशी ओकचं पडलंय ना, ते भिजू देऊ नकोस. शुक्रवारी सकाळी नेतो."

"शुक्रवारी कचऱ्याची गाडी येते."

"गाडीच्या आधी येतो."

तो येणार हे तिला ठाऊक होतं. पानगळ लागली की गेली तीस वर्षं हॉस्पिटलचा हा माळी कचऱ्याच्या गाडीच्या आधी हजर असायचा. रस्त्यावरचा पाला, सुताराकडचा लाकडाचा भुसा, कब्रस्तानातल्या पाइनच्या सुया, हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या यंत्रातून निघालेल्या कागदाच्या पट्ट्या, जे कुणाला नको ते सगळं त्याला हवं असायचं. पहिलं हिव पडायच्या आत हॉस्पिटलच्या बागेतले बावीसच्या बावीस वाफे झाकून व्हायला हवेत, एवढा एकच ध्यास. त्यासाठी हॉस्पिटलनं आजवर काही दिलं नव्हतं आणि त्यानं मागितलं नव्हतं. उलट न मागण्याचाच त्याला तोरा होता.

नर्सेसनी त्याचं नाव पाचोळ्या पाडलं होतं. खरं नाव पगाराच्या रजिस्टरात असेल. तिथून ते कधी बाहेर आलं नाही.

कमिटीच्या कागदांत या कामाला 'आच्छादन' म्हणत. पाचोळ्या 'पांघरूण' म्हणायचा. आणि कुणी विचारो न विचारो, बाकावर ऊन खात बसलेल्या प्रत्येक पेशंटला ऐकवायचा, "पांघरूण मुळांना घालायचं, खोडाला नाही. खोडाला चिकटवलं की ते आतून कुजतं. आणि वरून बघाल तर काही कळत नाही." एवढं बोलून तो वाकायचा आणि दोन बोटांनी प्रत्येक खोडाभोवतीचा पाला मागे सारायचा. बावीस वाफे, प्रत्येक वाफ्यात दहा-बारा झाडं, आणि सगळं दोन बोटांनी. वेडाच म्हणायचं.

पोती वाहायला त्याच्याकडे गाडी होती, ती म्हणजे मोडीत काढलेली स्ट्रेचर-ट्रॉली. तिचं एक चाक कुरकुरायचं. त्या ट्रॉलीवर दोन पोती आडवी टाकून, वर गोणपाट घालून तो आवारात शिरला की दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी उघडायची. त्या खाटेवर पेशंट बदलत, पण का कोण जाणे, तिथे नेहमी एखादा टवाळच येऊन पडायचा. सध्याचा दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता.

"काय पाचोळ्या, आज कोण दगावलं?"

"पाचोळा आहे, साहेब."

वरचा अख्खा वॉर्ड हसायचा. रोज तोच प्रश्न, तेच उत्तर. जाणारा पेशंट येणाऱ्याला हा विनोद खाटेसकट देऊन जायचा.

"या साली तरी तुझ्या जिवाला घोर नाही," मेपलचा पाला पोत्यात दाबताना झाडूवाली म्हणाली. "सही करणारी घरचीच."

"श्शू! इथं ती मेट्रन आहे."

"मेट्रन असेल. आधी तुझी पोरगी आहे ना?"

"ते घरी. इथं मेट्रन," तो म्हणाला, पण हसू दाबता दाबता त्याला पोत्याचं तोंड बांधायला दोनदा गाठ मारावी लागली.

गोष्ट अशी होती की पाचोळ्या कायम नोकरीत नव्हता. चौदा वर्षांपूर्वी त्याचं नाव कायमच्या यादीतून काढून त्याला वर्षाच्या बोलीवर ठेवलं होतं. दर पानगळीत कमिटी बसे, मेट्रन त्याचा कागद पुढे करी आणि त्याला वर्षभराची मुदतवाढ मिळे. मुदतवाढ म्हणजे काम, आणि काम म्हणजे बॉयलरघरामागची खोली. त्या खोलीची एक भिंत बॉयलरची. तिला पाठ लावून बसलं की बाहेर कितीही गारठा असो, माणूस तगून जायचा. मुदतवाढ नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायची, आणि पुढचा हिवाळा कुठे काढायचा ते त्याचं तो बघेल. जुनी मेट्रन न वाचताच कागद पुढे सरकवायची. ती निवृत्त झाली आणि तिच्या खुर्चीत पाचोळ्याची मुलगी बसली. कमिटी शुक्रवारी होती. आता घोर कसला?

मुलगी इथे नर्स म्हणून लागली त्याच दिवशी तिनं सांगून टाकलं होतं, "बाबा, हॉस्पिटलात मी तुमची कुणी नाही. मला अगं-तुगं करायचं नाही. मीही तुम्हाला अहो म्हणेन." त्यालाही ते पटलं होतं. सिस्टरचा बाप माळी, हे चारचौघांत कशाला? नातं लपलेलं नव्हतं, जुन्या माणसांना माहीतच होतं. फक्त उच्चारायचं नव्हतं. पुढे तिचं लग्न झालं, सासूबाईंना माळी व्याही फारसा रुचला नाही, आणि उच्चारायचं नाही हा नियम हळूहळू तिच्या घरीही लागू झाला. पाचोळ्या वर्षातून एकदा तिच्या घरी जायचा. तास-दीड तास खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि गुडघ्यांवर हात ठेवून परत यायचा.

बुधवारी त्याची आणि मेट्रनबाईंची कॉरिडॉरमध्ये गाठ पडली. ऑफिसातल्या कागदाच्या पट्ट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन तो बाहेर निघाला होता.

"अहो, माळीबुवा! मागे बघा जरा."

मागे लिफ्टपासून पट्ट्यांची रांग लागली होती.

"उचलतो, मॅडम."

"आत्ता."

तो ओणवा झाला आणि एकेक पट्टी वेचू लागला. शिकाऊ नर्सेस भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मेट्रनबाई शेवटची पट्टी उचलली जाईपर्यंत घड्याळ बघत तिथेच थांबल्या. गुडघे धरून उठताना पाचोळ्याच्या मनात काय आलं असेल? हेच, की पोरीला शिस्त आहे. आईवर गेलीय. असा तो माणूस. त्याला काय म्हणावं?

आणि चौदा वर्षांपूर्वीचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तेव्हा वॉर्डात एक म्हातारे घड्याळजी होते. पायात जोर नव्हता, पण बागेत बसायची हौस. पानगळीतल्याच एका दुपारी सिस्टरनं, म्हणजे पाचोळ्याच्या मुलीनं, त्यांना व्हीलचेअरवरून तेराव्या वाफ्याजवळच्या बाकापाशी नेऊन ठेवलं आणि "पंधरा मिनिटांत आले" म्हणून ती आत गेली. तिची बढतीची परीक्षा आठवड्यावर आली होती. चादरींच्या खोलीत निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून ती बसली, आणि म्हाताऱ्याला साफ विसरली. ऊन गेलं, वारा सुटला. पाचोळ्या पाल्याची पोती घेऊन पाच वाजता परतला तेव्हा घड्याळजींचे ओठ निळे पडले होते. त्यानं अंगातला कोट काढून त्यांच्याभोवती गुंडाळला, चार पोती त्यांच्या पायांवर उपडी केली, पाल्यानं छातीपर्यंत झाकलं आणि ओरडत सुटला. तिसऱ्या दिवशी घड्याळजी गेले.

त्या संध्याकाळी मुलगी बॉयलरघरामागच्या खोलीत आली. पाय ओले, दात वाजत होते. "बाबा, माझं सगळं संपलं. काहीतरी करा ना. बाबा, तुम्ही काहीतरी करा."

"रडू नकोस गं," तो म्हणाला होता. "पांघरूण घालायचंच तर काम आहे माझं."

चौकशीत त्यानं सांगितलं की म्हाताऱ्यांना बाहेर आपणच नेलं. सिस्टर नको म्हणत होत्या, आपणच हट्ट केला, लक्ष ठेवतो म्हणालो आणि मग पाला आणायच्या नादात विसरलो. सगळ्यांना एका क्षणात पटलं. पाल्यासाठी हा माणूस स्वतःचं डोकंही विसरेल, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. जुन्या मेट्रनला शंका आली असावी. पण सिस्टर घालवण्यापेक्षा माळ्याच्या फाइलीत एक ओळ लिहिणं सोपं होतं. 'रुग्णाच्या मृत्यूस कारणीभूत.' मुलगी परीक्षेत पहिली आली.

त्यानंतर त्या दोघांत या विषयावर एक शब्द निघाला नाही. एकदाच, बऱ्याच वर्षांनी, शिकवणीच्या खोलीच्या खिडकीखाली तण काढताना त्यानं तिचा आवाज ऐकला. नव्या नर्सेसना ती शिकवत होती. "एकदा इथला एक माळी एका पेशंटला थंडीत बाहेर विसरला. मी त्याला बजावलं होतं, न्यायचं नाही. पण तेव्हा मी नवीन होते, माझं ऐकलं नाही कुणी. म्हणून सांगते, तुमच्या पेशंटवरचा ताबा दुसऱ्याला द्यायचा नाही." आवाजात असा कळवळा होता की एक-दोघी नाक ओढत होत्या. पाचोळ्या खुरपं धरून ऐकत राहिला. पोरगी सांगते मात्र झकास, त्याला वाटलं. दरवर्षी ती तीच गोष्ट सांगायची, आणि दरवर्षी तिच्यात थोडी भर पडायची.

शुक्रवारी सकाळी कचऱ्याच्या गाडीच्या आधी त्यानं गेटापाशी पडलेला ओकचा पाला उचलला. झाडूवालीनं वर आपली फाटकी ताडपत्री घालून तो कोरडा ठेवला होता. एकवीस वाफे झाले होते. मेट्रनच्या खिडकीखालचा, पांढऱ्या गुलाबांचा बाविसावा तेवढा राहिला होता. तो त्यानं मुद्दाम शेवटी ठेवला होता, चांगल्यातल्या चांगल्या पाल्यासाठी.

अकरा वाजता शिपाई बोलवायला आला. पाचोळ्यानं नळावर हात धुतले, केसांतली काटकी काढली आणि मेट्रनच्या खोलीत जाऊन उभा राहिला. कमिटीची माणसं चहा पिऊन पांगली होती. कप टेबलावरच होते. मेट्रनबाई एकट्याच होत्या. त्यांनी उठून दार लावलं.

"अहो, बसा."

तो बसला नाही. इतक्या वर्षांत या खोलीत तो कधी बसला नव्हता.

"तुम्हाला मुदतवाढ मिळालेली नाही."

"कमिटी नाही म्हणाली?"

"कमिटीला मीच नाही म्हणाले. फाइलीत ती नोंद आहे ना. आधीच्या बाई बघायच्या नाहीत, मी बघितली. पेशंटच्या जिवाशी खेळलेला माणूस रोज पेशंटांमध्ये वावरतो, हे मी कसं चालू देऊ? उद्या कुणी विचारलं की स्वतःचे वडील म्हणून ठेवलेत का, तर तोंड आहे का मला?"

पाचोळ्याला वाटलं, बाहेर कुणी कान लावून उभं असणार. म्हणून ही असं बोलतेय. त्यानं आवाज खाली आणला. "दार बंद आहे गं."

चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तो 'गं' निसटला होता. ती रागावली नाही. तिला कळलंच नाही.

"मग?"

"मग मला कशाला सांगतेस हे? आपल्या दोघांना तर माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलली की तिची डावी पापणी फडफडायची. तिची आई म्हणायची, या पोरीला लबाडी जमायची नाही. तो त्या पापणीकडे बघत राहिला, पण ती हलली नाही. डोळे स्वच्छ होते. त्यांत भीती नव्हती, लाज नव्हती, आठवणही नव्हती. जे काही होतं ती नुसती कीव होती.

ती टेबलाला वळसा घालून जवळ आली आणि तिनं त्याच्या मळक्या बाहीवर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली.

या इमारतीत हा शब्द तिनं कधीच उच्चारला नव्हता.

"बाबा, मला कळतं, तुम्हाला ते अजून आतून खातंय. तुमचा हेतू वाईट नव्हता. पाला दिसला की तुम्हाला भान राहत नाही, इतकंच. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय. खरंच. पण हॉस्पिटलला तसं नाही करता येत."

पाचोळ्याला राग यायला हवा होता, पण त्याआधी भीतीच वाटली, पायरी आहे समजून अंधारात पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं तशी. चादरींची खोली, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, ओले पाय, सगळं जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य बोललं की पुरे. पण ऐकणार कोण? त्या दिवशी दात वाजवत आलेली मुलगी आता या खोलीतच काय, जगात कुठेच नव्हती. आणि ही जी समोर उभी होती, तिला वाटलं असतं, म्हातारा जाता जाता पोटच्या पोरीवर ढकलतोय.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि रुमालानं डोळे टिपले. "राहायचं काय करणार?"

"बघतो काहीतरी."

"घरी नेलं असतं हो मी. पण सासूबाईंची खोली..."

"नाही नाही. ते कसं शक्य आहे?"

"किल्ली उद्या दुपारपर्यंत ऑफिसात द्या. आणि ती ट्रॉली हॉस्पिटलची आहे. सामान गेटापर्यंत न्या, हरकत नाही, पण ती परत आणून ठेवा." मग काहीतरी आठवून ती म्हणाली, "माझ्या खिडकीखालचा तेवढा राहिलाय का हो?"

"आज होतो तो, मॅडम."

जेवणाची वेळ टळून गेली तरी तो बाविसाव्या वाफ्याशी होता. ओकची पानं त्यानं हातानं चुरली, त्यात भुसा मिसळला, ओंजळीओंजळीनं पसरलं. मग सवयीनं वाकून दोन बोटांनी पहिल्या खोडाभोवतीचा पाला मागे सारला. दुसऱ्या खोडाला हात लावला तेवढ्यात वरची काच सरकली.

"अहो, असं काय करताय? मधे मधे भोकं दिसतायत. जाड घाला ना, खोडापर्यंत. इथून बरं दिसायला हवं."

पाचोळ्यानं मान वर केली. खिडकीत मेट्रनबाई उभ्या होत्या, मागे दोन शिकाऊ नर्सेस. अहो मॅडम, खोड कुजतं, हे वाक्य तो तीस वर्षं वाटेल त्याला ऐकवत आला होता.

"बरं, मॅडम," तो म्हणाला.

आणि त्यानं पाला खोडापर्यंत ओढला. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. अकराच्या अकरा पांढऱ्या गुलाबांच्या गळ्याशी त्यानं ओकचा पाला मुठीनं दाबून दाबून बसवला, वर पाणी मारलं आणि फावड्याच्या पाठीनं थोपटून घट्ट केला. कुठेही बोटभर जागा ठेवली नाही. काम संपल्यावर तो दोन पावलं मागे सरून बघत उभा राहिला. वाफा फार सुरेख दिसत होता.

"आता कसं!" वरून आवाज आला आणि काच सरकली.

शनिवारी सकाळी गवतावर पहिलं हिव होतं. पाचोळ्यानं खोली झाडली, बॉयलरच्या भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि किल्ली ऑफिसात दिली. कारकुनानं सही घेतली आणि विचारलं, "पत्ता काय लिहू?" पाचोळ्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "नंतर कळवतो." कारकुनानं तेच लिहून घेतलं.

त्याचं सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि खुरपं. ट्रॉलीवर ते उघडंनागडं दिसायला लागलं, म्हणून त्यानं सवयीनं वर गोणपाट घातलं आणि चारी कोपरे खाली खोचले. मग ट्रॉली ढकलत तो झाकलेल्या वाफ्यांमधून निघाला. तेराव्याजवळचा बाक ओलाच होता. मेट्रनच्या खोलीचा पडदा अजून लावलेला होता.

दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी उघडली.

"काय पाचोळ्या, आज कोण दगावलं?"

तो थांबला. वर बघून त्यानं गोणपाटाचा निसटलेला कोपरा पुन्हा नीट खोचला.

"पाचोळा आहे, साहेब."

वॉर्ड नेहमीसारखा हसला. कुरकुरणारं चाक गेटाच्या दिशेनं वळलं, आणि गारठा आत यायला लागला म्हणून कुणीतरी खिडकी लावून घेतली.